मिनेसोटाच्या हिवाळ्यात सिल्की आणि पोलिश जातीच्या कोंबड्यांच्या खुराड्यात हीट लॅम्प लावावा का?

नाही. आणि ऊब राहावी म्हणून खुराड्याच्या सगळ्या फटी टेपने बुजवल्या असतील, तर आधी वरच्या मोकळ्या करा, मग पुढचं वाचा.

"बंद ठेवलं की ऊब राहते" हे आमचे काका दर हिवाळ्यात फोनवर ऐकवतात. त्यांची गावाकडे पोल्ट्री, पिल्लांना बल्ब लावण्यात हयात गेली. पिल्लाला पिसं नसतात, त्याला बल्ब लागतोच. पिसं भरलेल्या कोंबडीचं अंग ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, तिला शेगडी नको, कोरडी हवा हवी. एकदा त्यांचं ऐकून उणे २६च्या रात्री झरोक्यांत पोती कोंबली. सकाळी खिडकीच्या काचेला आतून बर्फाची साय, आणि कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं पांढरीफटक. चार दिवसांत ती काळी पडली. श्वास आणि शीट यांतून रात्रभर वाफ निघते, ती तुऱ्यावर बसते आणि ओला तुरा आधी गोठतो. काकांना फोटो पाठवला, तर म्हणाले, "काच जुनी असेल."

झरोके छपरालगत, समोरासमोरच्या भिंतींत, कोंबड्यांच्या डोक्याच्या बरेच वर. दहा चौरस फूट जमिनीला एक चौरस फूट उघडं, वर अर्ध्या इंचाची जाळी. टिश्यू पेपरची पट्टी कोंबड्या बसतात त्या दांडीच्या उंचीवर धरा, हलता कामा नये. झरोक्यापाशी हललीच पाहिजे.

सिल्कीच्या पिसांना एकमेकांत अडकणारे आकडे नसतात, त्यामुळे पाणी थेट कातडीपर्यंत जातं. शिवाय त्या दांडीवर न बसता खाली ढीग करून झोपतात. म्हणून खाली रंध्याच्या चिपांचा निदान सहा इंच थर. मूठभर चिपा दाबून बघा, गोळा झाला तर बदला. भिजलेली सिल्की टॉवेलने टिपून ड्रायरच्या मंद झोतावर वाळवा, आणि पिसं फाकवून कातडी हाताला कोरडी लागेपर्यंत सोडू नका. वरून ती फार लवकर वाळल्यासारखी दिसते.

पोलिशचा शत्रू पाण्याचं उघडं भांडं. डोक्यावरचा झुपका बुडतो, थेंब ओघळतात, सकाळी तिथे बर्फाच्या सुया. बादलीला आडवे निपल (चोचीने टोचलं की थेंब सोडणारे) लावा, आत पाणी गोठू न देणारा डी-आयसर, आणि पाणी खुराड्याबाहेर. झुपका डोळ्यांवर येत असेल तर मऊ टेपने वर बांधा. तेवढ्यात मुळाशी उवा-किडे आहेत का बघा, हिवाळ्यात ते तिथेच दडतात. पोलिशसाठी दांडी म्हणून टू-बाय-फोरची (नावाला दोन बाय चार इंची लाकडाची) रुंद बाजू वर ठेवा, म्हणजे बोटं पोटाखाली झाकली जातात.

गोठलेला तुरा चोळू नका, काळा भाग कापू नका, तो आपोआप गळतो.

आता हीट लॅम्प. २५० वॉटचा दिवा, खाली कोरड्या चिपा, हवेत पिसांची धूळ: आग लागायला एक सैल क्लॅम्प पुरे. शिवाय त्याच्या उबेला सवकलेल्या कोंबड्यांचं मध्यरात्री वीज गेल्यावर काय होणार, ते काकांना विचारा.

हां, आजारी किंवा पिसं झडत असलेली कोंबडी उणे २०मध्ये ठेवू नका, तिला गॅरेजमध्ये आणा. आणि उणे ३०खाली सिल्कींसाठी भिंतीला लावायचा सपाट हीटर पॅनल चालेल. तो बल्ब नाही, हे काकांना अजून पटलेलं नाही.