वाचकांचे प्रश्न : फुलीसारख्या रचना आणि बदलणाऱ्या बाजू

प्रश्न : माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन उजवा हात व पाय लुळे पडले; डॉक्टरांच्या मते गुठळी मात्र मेंदूच्या डाव्या भागात आहे. शरीरातल्या सगळ्याच नसा अशा उलट बाजूला जातात का? डोळ्यांचेही तसेच असते का? आणि मुलीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात गुणसूत्रांच्या पाठात ‘कायझ्मा’ हा शब्द आहे, तो याच प्रकारातला का?

उत्तर : सगळ्या नसा बाजू बदलत नाहीत, आणि ज्या बदलतात त्या एकाच ठिकाणी बदलत नाहीत. हालचालींचे आदेश नेणारे मोठ्या मेंदूतले तंतू मस्तिष्कपुच्छाच्या (मेंदूचा पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूला जोडणारा सर्वांत खालचा भाग) समोरच्या बाजूला दोन उंचवट्यांच्या रूपाने उतरतात. या उंचवट्यांमधली खाच खालच्या टोकाशी हलकेच फाकवली, तर वेणीच्या पेडांसारखे एकमेकांत शिरणारे तंतूंचे जुडगे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. येथे बहुतांश तंतू पलीकडे जातात, म्हणून आपल्या वडिलांची उजवी बाजू दुबळी झाली. लहान मेंदू मात्र शरीराच्या आपल्याच बाजूवर ताबा ठेवतो, कारण त्याच्या मार्गात तंतू दोनदा बाजू बदलतात.

संवेदनांचे मार्ग आणखी वेगळे आहेत. वेदना आणि उष्ण-थंड यांची जाणीव नेणारे तंतू मेरुरज्जूत शिरल्यावर थोड्याच अंतरात पलीकडे जातात, तर सूक्ष्म स्पर्शाचे आणि कंपनाचे तंतू त्याच बाजूने वर चढून मस्तिष्कपुच्छात बाजू बदलतात. त्यामुळे मेरुरज्जूची एकच बाजू कापली गेली, तर जखमेच्या खाली त्या बाजूचा पाय हलत नाही, आणि टोचलेले कळत नाही ते दुसऱ्या पायाला. अशा विसंगत वाटणाऱ्या लक्षणांवरूनच जखमेची नेमकी जागा सांगता येते. मला शरीररचनाशास्त्रातला हा सर्वांत सुंदर तर्क वाटतो.

डोळ्यांबाबत ‘डावा मेंदू म्हणजे उजवा डोळा’ असे समजणे चुकीचे ठरेल. दोन्ही नेत्रचेता, म्हणजे डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा, मेंदूच्या तळाशी, पीयूषिका (पिट्युइटरी) ग्रंथीच्या वर, फुलीच्या आकारात भेटतात. प्रत्येक दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा) नाकाकडील अर्ध्या भागातले तंतू तेथे पलीकडे जातात, कानशिलाकडील तंतू आपल्याच बाजूला राहतात. म्हणून डाव्या मेंदूकडे उजवा डोळा नव्हे, तर दोन्ही डोळ्यांना दिसणारा उजवीकडचा देखावा पोचतो. पीयूषिकेची गाठ वाढून या फुलीला खालून दाबू लागली, तर बाहेरच्या बाजूंचे दृश्य नेणारे हे ओलांडणारे तंतू आधी दुखावतात. रुग्णाला समोरचे अक्षर वाचता येते, पण दोन्ही बाजूंनी येणारी माणसे दिसत नाहीत. चालताना खांदे दाराच्या चौकटीला वारंवार लागत असतील, तर ही तक्रार किरकोळ समजू नये.

‘कायझ्मा’ हे नाव ग्रीक लिपीतल्या फुलीसारख्या अक्षरावरून आले आहे आणि ते नेत्रचेतांच्या फुलीला व गुणसूत्रांच्या फुलीला, दोन्हीकडे आकारामुळे चिकटले आहे. क्रिया मात्र निराळी आहे. बेल्जियन शास्त्रज्ञ फ्रान्स आल्फॉन्स जान्सेन्स यांनी १९०९ साली असे मांडले, की अर्धसूत्री विभाजनात (बीजपेशी तयार होतानाचे पेशीविभाजन) जोडीतल्या गुणसूत्रांचे धागे या ठिकाणी तुटून एकमेकांशी सांधले जातात. नसांच्या फुलीत तंतू शेजारून निघून जातात, त्यांच्यात देवाणघेवाण होत नाही. गुणसूत्रांच्या फुलीत आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या धाग्यांचे तुकडे खरोखर अदलाबदल होतात.