ब्रेन-ट्रेनिंग अ‍ॅप वडिलांना घेऊन द्यायचं की नाही?

वडील ६८ वर्षांचे आहेत, रोज सुडोकू सोडवतात, पण हल्ली माणसांची नावं चटकन आठवत नाहीत. म्हणून एखाद्या अ‍ॅपची वर्षाची वर्गणी भरावी का, असं तुम्ही विचारलंय. भरण्याआधी दोन गोष्टी करा: कानांची तपासणी आणि रक्तातलं बी-१२ व थायरॉइड. नीट ऐकूच आलं नाही तर नाव डोक्यात शिरतच नाही, मग आठवणार कुठून? आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. ओळखीचा रस्ता चुकणं, पैशांच्या हिशेबात गोंधळ होणं असं काही दिसत असेल तर अ‍ॅप बाजूला ठेवून आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

सुडोकू चालू राहू द्या, पण त्याने माणूस मुख्यतः सुडोकूतच तरबेज होतो. बहुतेक अ‍ॅपमधल्या खेळांचंही तेच. स्कोअर वाढतो तो त्या खेळाच्या सरावाचा, त्याचा नावं आठवण्याशी संबंध असेलच असं नाही. २०१० मध्ये ११,४३० लोकांवर झालेल्या ऑनलाइन प्रयोगात सहा आठवड्यांनी हेच दिसलं. जाहिरातीत पुराव्यापेक्षा जास्त दावे केले म्हणून ‘लुमॉसिटी’ या अशाच अ‍ॅपच्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले.

त्यातल्या त्यात पुरावा आहे तो वेगाच्या सरावाला, म्हणजे क्षणभर दिसलेलं झटकन टिपण्याच्या सरावाला. अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या सुमारे २,८०० लोकांवर ‘अ‍ॅक्टिव्ह’ नावाची मोठी चाचणी झाली. साधारण तासाभराची दहा सत्रं, पाच-सहा आठवड्यांत. स्मरणशक्तीच्या सरावाचा परिणाम दहा वर्षांनी उरला नव्हता, वेगाच्या आणि तर्काच्या सरावाचा उरला होता. वेगाच्या गटात डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) प्रमाणही २९ टक्के कमी आढळलं. पण तिथे प्रत्येकाचं निदान डॉक्टरांनी तपासून केलेलं नव्हतं, त्यामुळे या आकड्यावर फार विसंबू नका.

वेगाचा हा सराव ‘ब्रेनएचक्यू’ या अ‍ॅपवर ‘डबल डिसिजन’ नावाने मिळतो. पडद्याच्या मधोमध क्षणभर एक वाहन चमकतं, त्याच क्षणी कडेला कुठेतरी एक खूण. मधलं वाहन कोणतं होतं आणि खूण कुठे होती, दोन्ही सांगायचं. उत्तरं बरोबर येत गेली की चित्र दिसण्याचा वेळ कमी होत जातो आणि आजूबाजूला लक्ष भरकटवणारी चित्रं वाढतात.

हे मोबाइलवर करू नका. एवढ्याशा पडद्यावर कड मध्यापासून लांब राहतच नाही, आणि सगळा व्यायाम तर कडेच्या नजरेचाच आहे. लॅपटॉप किंवा मोठा टॅब्लेट घ्या, डोळ्यांपासून साधारण ४५-५० सेंटीमीटरवर. प्रोग्रेसिव्ह (एकाच भिंगात दूरचा आणि जवळचा नंबर असलेला) चष्मा असेल तर मान वर करून भिंगाच्या खालच्या भागातून बघावं लागतं आणि कड धूसर दिसते; त्या अंतराचा साधा एकाच नंबरचा चष्मा बरा. नवखे लोक हमखास एक चूक करतात: नजर खूण शोधायला कडेला पळते आणि मधलं वाहन हुकतं. नजर मधेच रोवून ठेवायची, खूण ‘दिसू द्यायची’. सुरुवातीला सगळं चुकल्यासारखं वाटतं, तेव्हा ‘मला नाही जमत’ म्हणून वडील उठतील. आधीच सांगून ठेवा की अ‍ॅप मुद्दामच चुकायला लावतं. दर वेळी पैकीच्या पैकी येत असतील तर तो व्यायाम नव्हे, टाइमपास.

वेळापत्रक सोपं आहे: आठवड्याला चार दिवस, अर्धा-अर्धा तास, पाच आठवडे. दहा तास भरतात. जेवणानंतर पेंगत करायचं नाही. ‘अ‍ॅक्टिव्ह’ चाचणीत काहींना ११ आणि ३५ महिन्यांनी पुन्हा चार-चार सत्रं दिली होती, तेव्हा वर्षभराने उजळणी करायला हरकत नाही.

ड्युअल एन-बॅक हा स्मरणशक्तीचा खेळही कुणी सुचवेल. त्यासाठीचं ‘ब्रेन वर्कशॉप’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, चौकोनाची जागा आणि ऐकलेलं अक्षर दोन पावलं मागचंच आहे का ते ओळखायचं. बुद्धी वाढते हा त्याचा गाजलेला दावा पुढच्या प्रयोगांत टिकला नाही, आणि वयस्कर माणसाला ते फार कंटाळवाणं होतं. इंग्रजी शब्दांचे खेळही टाळा. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाची तिथे स्मरणशक्ती नव्हे, इंग्रजी तपासली जाते.

वर्गणी घ्यायचीच तर वर्षाची नको, महिन्याची घ्या. दहा तास दोन महिन्यांत आरामात होतात. काम झालं की यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपे स्वतः रद्द करा. टॅब्लेटवरून अ‍ॅप नुसतं काढून टाकल्याने पैसे कापायचे थांबत नाहीत.