पाना-पक्कड : रिले टिक करतो, दिवे मात्र मंदच

या महिन्याच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रं रिलेची, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या डबीची आहेत. नवल नाही. पाऊस लागला की कुंभार्ली घाट धुक्यात बुडतो, पुढे गणपतीला चाकरमानी गावाकडे निघतात आणि प्रत्येकाला त्याआधी फॉगलॅम्प, मोठा हॉर्न, नाहीतर चार्जर बसवून हवा असतो. चिपळुणात माझ्या दुकानासमोर या दिवसांत गाड्यांची रांग लागते, आणि त्यातल्या निम्म्या गाड्या आदल्या वर्षी कुणीतरी बसवलेलं काम उसवून घ्यायला आलेल्या असतात. तेव्हा या वेळी इंजिन, ब्रेक, टायर सगळं बाजूला ठेवून रिलेचीच पत्रं घेतो.

प्रश्न : मी शिक्षक आहे. पाटणहून घाटाच्या रस्त्याने रोज जा-ये असते. हॅचबॅकला ५५ वॅटचे दोन फॉगलॅम्प लावून घेतले. डॅशबोर्डवर एक बटन बसवून त्यातूनच सरळ वायर पुढे नेली होती. पंधरा दिवसांत बटन वितळलं. दुसरं टाकलं, तेही गरम होतं आणि दिवे पिवळट जळतात. आता दुसरे कारागीर म्हणतात, रिले टाकू. खरंच गरज आहे की खर्च वाढवतायत?

उत्तर : गुरुजी, गरज आहे. ती पहिल्याच दिवशी होती.

५५ आणि ५५ म्हणजे ११० वॅट. बारा व्होल्टला हा नऊ आंपियरच्या वरचा करंट झाला. तो तुमच्या गाडीत बॅटरीतून निघतो, चावीच्या स्विचमधून डॅशबोर्डात येतो, त्या बोटभर बटनातून जातो आणि परत बोनेटपर्यंत चालत येतो. पाच-सहा मीटरची परिक्रमा झाली. बटन उलटं करून बघा, त्यावर ते किती आंपियर सोसतं ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. अशा बटनांवर बहुतेकदा नऊपेक्षा बराच लहान आकडा सापडतो.

पिवळट उजेडाचं कारणही हीच परिक्रमा. पाऊण चौरस मिलिमीटरची वायर घातली असेल (स्वस्तात तीच घालतात), तर पाच मीटरमध्ये सुमारे एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो. एक व्होल्टने काय होतंय, असं वाटेल. पण हॅलोजनचं गणित विचित्र आहे. व्होल्टेज थोडं पडलं की उजेड फार पडतो. साडेतेराच्या जागी साडेबारा मिळाले तर जवळजवळ पाव उजेड गेला. म्हणजे पैसे ५५ वॅटच्या बल्बचे दिले आणि त्यातला पाव उजेड डॅशबोर्डामागे बटन तापवत बसला.

रिलेचं काम साधं आहे. ग्रामपंचायतीत सरपंच सही करतो, पोती हमाल उचलतात. तुमचं बटन सरपंच. त्याने फक्त रिलेच्या कॉइलला सही द्यायची. त्यासाठी जेमतेम ०.१५ आंपियर लागतो. कॉइल चुंबक होते, आतली पट्टी ओढते, टिक असा आवाज येतो आणि बॅटरीचा मोठा करंट आखूड वाटेने थेट दिव्यांकडे जातो. बटन थंड राहतं.

रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात, ते कारागिराला विचारून खात्री करा. ३० वर बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून आलेला. ८७ वरून दिव्यांकडे. ८६ वर बटनाची वायर आणि ८५ ला अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याची जोडणी. बटनाला प्लस पार्किंग लाइटच्या लाइनवरून द्यायला सांगा. मग पार्किंग बंद केलं की फॉगलॅम्प आपोआप बंद होतात, शाळेच्या आवारात दिवसभर जळत राहत नाहीत. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर कापू देऊ नका. फ्यूज बॉक्समध्ये बसणारा फ्यूज टॅप मिळतो, त्यावरून सही घ्यायची.

आता फ्यूज. माझ्या दुकानात गल्ल्यामागे खिळ्याला हातभर वायर टांगलेली आहे. वरचं प्लास्टिक जागोजागी बुडबुडे येऊन काळं पडलंय, आतली तार निळसर-काळी. शिकाऊ असताना मी एका जीपला हॉर्न बसवला होता. फ्यूज घातला होता, पण हॉर्नजवळ. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर रेडिएटरच्या पत्र्यावर घासत राहिली, एक दिवस सोलली आणि पत्र्याला टेकली. फ्यूजला पत्ताच लागला नाही, कारण आग त्याच्या अलीकडे लागली होती. जीपवाल्याने वेळेत बॅटरीची पट्टी उपटली म्हणून जीप वाचली. उस्तादांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. ती वायर काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, वास घे. बावीस वर्षं झाली, तो वास अजून येतो.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून एका वितीच्या आत. तो दिव्याला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. तुमच्या दोन दिव्यांना १५ आंपियरचा, निळ्या रंगाचा. तो उडाला तर हिरवा ३० चा टाकून मोकळे होऊ नका. का उडाला ते शोधा. वायर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या, दीडचीही चालेल, पण घाटात पावसात राहायचं असेल तर मी अडीचच घालतो.

अर्थकडे कुणाचं लक्ष नसतं आणि निम्मी दुखणी तिथेच असतात. दहाच्या पान्याने खोलेल असा बॉडीचा बोल्ट निवडायचा, खालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून पत्रा चकचकीत करायचा, थिंबल (वायरच्या टोकाची कडी) पकडीने दाबून बसवायची, वरून थोडं ग्रीस. रंगावर थिंबल आवळली तर ती शोभेची. आणि वायर दातांनी सोलून, पिळून, टेप मारणारा कारागीर दिसला तर नमस्कार करून निघा.

रिले बसवताना पाय खाली येतील असा बसवा, नाहीतर पावसाचं पाणी सॉकेटमध्ये साचतं. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पूर आला, त्यानंतर कित्येक महिने मी फ्यूज बॉक्स उघडत होतो. आत चिखलाचा पापुद्रा आणि पितळी पट्ट्यांवर हिरवं. पूर रोज येत नाही, पण उताणा बसवलेला रिले एका पावसाळ्यात तेवढंच हिरवं जमवतो.

काम झाल्यावर इंजिन चालू, दिवे चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीवरचं व्होल्टेज बघा आणि मग दिव्याच्या कपलरवरचं, म्हणजे त्याच्या वायरच्या प्लगवरचं. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. आणि धुक्यात अपर, म्हणजे लांब फेकणारा हेडलाइट लावू नका. घाटाखालच्या पोफळीच्या वर गेलात की अपरचा उजेड समोर पांढरी भिंत उभी करतो. फॉगलॅम्प खाली बसवतात आणि त्यांचं तोंड रस्त्याकडे ठेवतात ते त्याचसाठी.

प्रश्न : मी घरीच रिले जोडला. चावी फिरवली की दिवे आपोआप लागतात आणि बटन दाबलं की विझतात! उलटं कसं झालं? रिलेला पाच पाय आहेत. – राजापूर

उत्तर : मधल्या पायावर ८७ च्या पुढे एक छोटा 'ए' असेल बघा. रिले झोपलेला असताना ३० ची गाठ त्याच्याशी असते, टिक झाली की ती सुटून ८७ शी पडते. तुमची दिव्याची वायर या मधल्या पायावर आहे. ती साध्या ८७ वर न्या, मधला पाय मोकळा सोडा आणि त्यावर स्लीव्ह चढवा. काही रिलेंना मधल्या पायावरही नुसतं ८७ च असतं, तिथे दोन्ही सारखेच. विकत घेताना डोळे फाडून वाचा.

प्रश्न : काका, माझी बाईक २०१४ ची आहे. हँडलखाली छोटे एलईडी दिवे लावले, रिले टाकला. सही हेडलाइटच्या वायरवरून घेतली. गाडी चालू केली की रिले मधमाशीसारखा गुणगुणतो आणि दिवे थरथरतात. रिले बदलून बघितला, तेच. मित्राच्या गाडीवर मात्र असं होत नाही. – देवरुख, बारावी

उत्तर : रिले बिचारा निर्दोष आहे रे. एक परीक्षा कर. इंजिन बंद, चावी चालू, हेडलाइटचं बटन दाब. दिवा लागला नाही ना? आणि रेस दिली की प्रखर, आयडलवर मिणमिणता? म्हणजे तुझा हेडलाइट बॅटरीवर नाही, सरळ मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज करणाऱ्या चुंबकाच्या, एसी करंटवर चालतो. त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांना असंच होतं. एसी करंट क्षणाक्षणाला शून्यावर येतो, कॉइल पट्टी ओढते, सोडते, ओढते, सोडते. तेच तुझं गुणगुणणं. असाच चालवत राहिलास तर आतले कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी जळून जातील.

सही हॉर्नच्या किंवा ब्रेक लाइटच्या प्लसवरून घे, म्हणजे बटनाच्या अलीकडची, चावी फिरवली की चालू होणारी वायर. ती बॅटरीची असते. ३० वर बॅटरी, ५ आंपियरचा फ्यूज. दहा-दहा वॅटचे दोन एलईडी असतील तर दोन आंपियरही लागणार नाहीत, गाडी सहज पेलेल. मित्राने ५५ वॅटचा हॅलोजन फुकट दिला तरी घेऊ नकोस. बाईकची बॅटरी केवढीशी, तिचा डबा बघ.

मित्राच्या गाडीवर असं होत नाही म्हणतोस, ती १ एप्रिल २०१७ नंतरची असेल. तेव्हापासून नव्या दुचाकीचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो, बटनच नसतं. त्याचं बघून तुझं वायरिंग करू नकोस.

प्रश्न : माझी टुरिस्ट गाडी आहे. गेल्या वर्षी प्रवाशांच्या चार्जरसाठी रिले टाकून वेगळी लाइन घेतली. गाडी आठवडाभर उभी राहिली की स्टार्टर नुसता कटकट करतो. उभी करताना मी चार्जर, कॅमेरा सगळं उपटून ठेवतो. बॅटरी बदलली, फरक नाही. – कुडाळ

उत्तर : एक करून बघा. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी चावी न लावता बोनेट उघडा आणि चार्जरच्या रिलेला बोट लावा. माझा अंदाज आहे, तो कोमट लागेल. आता चावी फिरवा. टिक ऐकू आली? नसेल आली, कारण तो रात्रभर ओढलेलाच होता.

म्हणजे कॉइलची सही कायम चालू असलेल्या लाइनवरून घेतली आहे. तुम्ही चार्जर उपटलात, पण हमाल दारात पगारी उभाच आहे. ०.१५ आंपियर गुणिले चोवीस तास, दिवसाला साडेतीन आंपियर-तासांच्या वर. आठवड्यात पंचवीस. पस्तीसच्या बॅटरीत स्टार्टरसाठी उरलं काय?

८६ ची वायर काढा आणि फ्यूज बॉक्समध्ये चावीबरोबर जिवंत होणाऱ्या जागी लावा. टेस्ट लॅम्पने शोधा: चावी बंद, दिवा विझला, चावी चालू, दिवा लागला. घाई करू नका, नव्या गाड्यांत काही लाइनी चावी काढल्यावरही काही मिनिटं जाग्या असतात. जोडल्यावर बॅटरीच्या मायनसमध्ये मल्टिमीटर आंपियरच्या घरात लावून, दारं बंद करून अर्धा तास थांबा. ०.०५ आंपियरच्या खाली आलं तर ठीक. मीटर लावलेला असताना चावी चुकूनही फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

जुनी बॅटरी परत दिली नसेल तर चार्ज करून तपासा. बिचारी चांगलीच असायची.

प्रश्न : ट्रकचा हॉर्न रिले आठ दिवसांत दोनदा जळला. – कराड

उत्तर : रिलेच्या टोपणावर १२ लिहिलंय का बघा. तुमचा ट्रक २४ व्होल्टचा. कॉइलला दुप्पट व्होल्टेज म्हणजे चौपट उष्णता, आठ दिवस टिकला हेच फार. २४ चा घ्या. उलट चूकही होते: जीपला २४ चा रिले लागतो, सकाळी गार असताना कधी चिकटतो, दुपारी गरम झाला की मुळीच नाही, आणि मालक महिनाभर हॉर्न बदलत बसतो.

आणि गाण्यांच्या टेपसाठी ट्रकच्या दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले असतील तर तेही आजच सोडवा. एक बॅटरी उतरत राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावा.