वायरमनचा पट्टा

प्रश्न : माझे यजमान वायरमन आहेत. पक्कड, टेस्टर सगळं खिशात कोंबतात. दोन पॅन्टी फाटल्या. चामड्याचा हत्यारपट्टा घरी शिवता येईल का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : येईल की, ताई. पण चामडं आणायच्या आधी त्यांना शिडीवर काम करताना बघा. हात न बघता कुठं जातो, तिथं पक्कड. बसल्यावर मांडीला टोचेल असं पुढं काही नको.

चामडं बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलंच मागा, आमच्या कोल्हापुरी चपलेला लागतं तसलं. मऊ क्रोम चामडं (क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं) वजनानं लोंबतं. पट्ट्याला साडेतीन-चार मिलिमीटर जाडी, रुंदी दोन इंच; कप्प्यांना दोन मिलिमीटर पुष्कळ. माप पॅन्टवरून घ्या, ते मधल्या भोकावर यावं.

रिबिटं तांब्याची नाहीतर पितळेची. एका सुताराच्या पट्ट्याला मी स्वस्तात लोखंडी ठोकली. पहिल्याच पावसाळ्यात प्रत्येक रिबिटाभोवती काळा डाग! सालीतल्या टॅनिनचं, म्हणजे चामडं कमावणाऱ्या तुरट द्रव्याचं, नि लोखंडाचं जमत नाही. पट्टा फुकट दुसरा करून द्यावा लागला, वर बोलणी खाल्ली ती वेगळीच.

कप्पा पट्ट्यावर सपाट शिवू नका. चामडं ओलं करून पक्कडीवरच बसवा (पक्कड आधी प्लॅस्टिकात गुंडाळा, नाहीतर तेच काळे डाग), सावलीत वाळवा, मग आरीनं भोकं पाडून मेणाच्या दोऱ्यानं दोन सुयांनी शिवा. एक टाका तुटला तरी दुसरा धरतो. आणि तळाला बारीक भोक ठेवा. भिंत फोडताना सिमेंटची भुकटी आत साठते, ती खाली गळून जाते.