‘अनावर्ती दोलन’ म्हणजे नेमकं काय?

जे दोलन ठरावीक वेळाने जसंच्या तसं परत येत नाही, ते अनावर्ती दोलन. घड्याळाच्या लंबकाला आवर्तकाल, म्हणजे एक झोका पूर्ण व्हायला लागणारा ठरावीक वेळ, असतो. इथे तो सांगताच येत नाही.

इथे बरेच जण गोंधळतात. हलकासा धक्का देऊन सोडलेला झोपाळा हळूहळू थांबतो, ते अवमंदित दोलन. त्यात झोका लहान होत जातो, पण प्रत्येक झोक्याला लागणारा वेळ जवळपास तोच राहतो. त्याला अनियमित म्हणू नका.

खरं उदाहरण पाहायचं तर एका लंबकाच्या टोकाला दुसरा लंबक अडकवा आणि चांगला वर उचलून सोडा. खालचा दांडा कधी गरकन पूर्ण फिरेल, कधी मध्येच उलटेल. गंमत म्हणजे यात नशिबाचा भाग काहीच नाही, नियम न्यूटनचेच! फक्त सुरुवातीचा कोन केसभर बदलला तरी थोड्याच वेळात चाल पार वेगळी होते. १९६१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाच्या गणितात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ टाकलं आणि पुढचं सगळं चित्रच बदललं. १९६३ च्या त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातही ‘अनावर्ती’ याच अर्थाचा शब्द आहे.

एक खबरदारी: जुन्या पुस्तकांत गॅल्व्हानोमीटरच्या (बारीक विद्युतप्रवाह दाखवणाऱ्या उपकरणाच्या) काट्याला ‘अनावर्ती’ म्हटलेलं दिसेल. तिथे अर्थ जवळजवळ उलटा, म्हणजे काटा डोलतच नाही, सरळ जागेवर येऊन थांबतो.