काउंटी जेल कोण चालवते आणि कैद्यांना तिथे काय मिळते?

अमेरिकेतील काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) जेलचा कारभार कोणाच्या हातात असतो आणि तिथल्या कैद्यांना कोणत्या सोयी मिळतात, असे आपण विचारले आहे. नियम राज्याराज्यांत बदलतात, म्हणून मी राहतो त्या शिकागो परिसरातील कुक काउंटी जेलचेच उदाहरण घेतो. शहराच्या नैर्ऋत्य भागात सुमारे 96 एकरांवर पसरलेले हे जेल देशातील सर्वांत मोठ्या जेलांपैकी एक आहे.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की इथले बहुसंख्य लोक कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांच्यावरील आरोप अजून सिद्ध झालेले नाहीत. उरलेल्यांत प्रामुख्याने वर्षापेक्षा कमी शिक्षा झालेले लोक असतात. मोठ्या शिक्षेचे कैदी राज्य सरकारच्या तुरुंगात जातात. आपल्याकडे येरवडा असो वा आर्थर रोड, कारागृह राज्याच्या कारागृह विभागाकडे असते. इथे मात्र जेल शेरीफच्या ताब्यात असते आणि शेरीफ हा दर चार वर्षांनी लोकांनी निवडून दिलेला अधिकारी असतो. कुक काउंटीत 2006 पासून टॉम डार्ट हे त्या पदावर आहेत. खर्चाला मंजुरी देणारे काउंटी मंडळही निवडून आलेले असते, त्यामुळे जेलमधील दुरवस्थेचा जाब मतदारांना थेट विचारता येतो. तो पुरेसा विचारला जात नाही, याची मला खंत वाटते.

अटकेनंतर बोटांचे ठसे, छायाचित्र, आरोग्याची व मानसिक स्थितीची तपासणी होते आणि त्यानंतर आरोपाचे स्वरूप, वय, आजार, इतरांपासून असलेला धोका हे सर्व पाहून कोणत्या विभागात ठेवायचे ते ठरते. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये 18 सप्टेंबर 2023 पासून रोख जामीन बंद झाला आहे. पूर्वी किरकोळ रक्कम भरता न आल्याने गरीब माणूस महिनोन्महिने आत राही. आता कोठडी हवी असल्यास सरकारी पक्षाला न्यायाधीशांपुढे तिची गरज सिद्ध करावी लागते.

सोयींमध्ये सर्वांत महत्त्वाची बाब आरोग्यसेवेची. कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये दिला. त्यामुळे उपचार ही मेहेरबानी नसून कैद्याचा हक्क आहे. तरीही गरिबांच्या उपचारांसाठी केंद्र आणि राज्ये मिळून चालवतात ती मेडिकेड योजना सर्वसाधारणपणे जेलमधील उपचारांचा खर्च उचलत नाही आणि तो भार काउंटीवर पडतो. कुक काउंटीत ही सेवा ‘सर्माक’ नावाची यंत्रणा देते, जी शेरीफच्या नव्हे, तर काउंटीच्या आरोग्य विभागाच्या अधिपत्याखाली आहे. डॉक्टरने पहारेकऱ्याच्या हाताखाली नसावे, असे माझे ठाम मत असल्याने ही रचना मला योग्य वाटते. अर्थात रचना चांगली असून भागत नाही: 2008 मध्ये केंद्रीय न्याय विभागाने याच जेलमधील उपचार, स्वच्छता आणि बळाचा वापर यांवर कठोर ताशेरे ओढले आणि पुढे अनेक वर्षे ते न्यायालयाच्या देखरेखीखाली होते. मनोरुग्णांची संख्या इथे इतकी मोठी आहे की 2015 मध्ये नेका जोन्स टापिया या मानसशास्त्रज्ञ महिलेकडे जेलचे प्रमुखपद सोपवण्यात आले.

याखेरीज शिक्षणाचे वर्ग, व्यसनमुक्तीचे उपक्रम, कायद्याचे ग्रंथालय, कॅन्टीन आणि नातेवाइकांच्या मुलाखतीची सोय असते. कैद्यांना इटालियन पाककला शिकवणारा एक उपक्रमही इथे चालला आहे. मला विशेष मोलाचे वाटते ते मतदान: 2020 पासून जेलमध्येच मतदान केंद्र असते, कारण आरोप सिद्ध न झालेल्या नागरिकाचा मताधिकार शाबूत राहतो.

आपल्या ओळखीचे कोणी आत असल्यास दोन गोष्टी त्यांना अवश्य कळवाव्यात. वकिलाशी होणारे संभाषण वगळता जेलमधील फोन ध्वनिमुद्रित होतात, म्हणून नातेवाइकांशी खटल्याविषयी अवाक्षरही बोलू नये. आणि भारतीय नागरिकाला अटक झाल्यास, व्हिएन्ना करारानुसार वाणिज्य दूतावासाला कळवण्याचा हक्क त्याला आहे. हा निरोप भारतीयांच्या बाबतीत आपोआप जात नाही, त्यामुळे ती मागणी कैद्याने स्वतः स्पष्ट शब्दांत करावी लागते.