घरातल्या आजारी माणसाचं करणाऱ्या बाईला सरकारकडून पैसे मिळतात का? मिळत नसतील तर मागायचे कुठे?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाईंना लकवा होऊन दोन वर्षं झाली, तुमचा शिवणक्लास बंद पडला, तुमचे मालक सालदारकी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतमजुरी, करतात. आणि विचारलंय की या कामाचे पैसे सरकार देईल का. मी पारोळा तालुक्यातली. तुमच्यासारखीच, आठ वर्षांपासून.

आज तुमच्या नावाने काही मिळणार नाही, हे आधीच सांगते. सासूबाईंच्या नावाने मिळू शकतं. वय पासष्टच्या आत असेल तर संजय गांधी निराधार, पुढे असेल तर श्रावणबाळ. अर्ज तहसीलला करायचा. महिन्याला १५०० मिळतात, दिव्यांग लाभार्थ्यांचे २०२५ मध्ये २५०० झाले. म्हणून दिव्यांग प्रमाणपत्र आधी काढा. त्याचा दुसरा फायदा असा की, एरवी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार आहे, दिव्यांगांसाठी ती ५० हजार आहे. सालदाराचं सालसुद्धा २१ हजारांत बसत नाही, मग गरीब कोणाला म्हणायचं?

पण तुमचा खरा प्रश्न तुमच्या कष्टाचा आहे, आणि मला त्याबद्दलच बोलायचंय.

२०१७ मध्ये विहिरीच्या कामावर आमच्या ह्यांचा मणका मोडला, कमरेखालचं सगळं गेलं. मी पतसंस्थेत होते, सात हजार पगार होता, तो सोडला. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखम पडते. एकदा पडली ती भरायला पाच महिने लागले. लघवीची नळी, पिशवी, डायपर, अंग पुसणं, पाय हलवून देणं. माहेरी गेले तरी संध्याकाळच्या गाडीने परत. एवढं करून गल्लीतल्या बायका म्हणतात, "तू ते घरमाच ऱ्हास ना!" म्हणजे, तू तर घरीच असतेस ना! त्या वाईट मनाने म्हणत नाहीत. पण कचेरीतही हेच ऐकायला मिळतं, आणि आपल्या मागणीच्या आड येतं ते हेच वाक्य.

हे फक्त आपल्याकडेच नाही. ब्रिटनमध्ये घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्याला १९७६ पासून भत्ता सुरू झाला, पण लग्न झालेल्या बाईला तो नव्हता. का, तर ती तशीही घरीच असणार. जॅकी ड्रेक नावाची बाई आईचं करायला नोकरी सोडून घरी बसली होती. तिला नाकारलं तेव्हा ती युरोपच्या न्यायालयापर्यंत गेली आणि १९८६ मध्ये जिंकली. दहा वर्षं लागली, पण "घरीच असते" हे कारण तिथून हटलं.

आपल्याकडे कायद्यात शब्द आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ काढून वाचा. कलम २ मध्ये देखभाल करणाऱ्याची व्याख्या आहे. त्यात आईबाप आणि घरची माणसं येतात, मोबदला घेऊन करणारी आणि न घेता करणारी, दोन्ही. कलम २४ म्हणतं की जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी देखभाल भत्त्याची योजना सरकारने करावी. केरळमध्ये आश्वासकिरणम् योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये आहेत. ६०० मध्ये डायपरही पुरत नाहीत, मला ठाऊक आहे. तरी ते करणाऱ्याच्या नावाने आहेत, आणि मागताना दाखवायला उदाहरण आहे.

आता आम्ही काय केलं ते सांगते, त्यातली चूकसुद्धा.

पहिल्या अर्जात मी लिहिलं, "मी पतीची सेवा करते, तरी मदत मिळावी." साहेब चांगल्या शब्दांत म्हणाले, बाई, सेवेचा मोबदला मागायचा नसतो. मी घरी येऊन रडले. मग वही केली. उठवलं किती वाजता, कूस किती वेळा, नळी कधी धुतली, रात्री कितीदा उठले. महिनाभर लिहिलं तर दिवसाला सरासरी सात तास निघाले. २०१९ च्या सरकारी वेळ-पाहणीत घरातल्यांची देखभाल करणाऱ्या बायांचे दिवसाला १३४ मिनिटं निघाले होते, पुरुषांचे ७६. अंथरुणावरचं माणूस घरात असलं की त्या १३४ मिनिटांचं काय होतं, ते माझ्या वहीत दिसतं. गावात अशी आणखी पाच घरं निघाली. एका घरात म्हातारा भाऊ बहिणीचं करतो. सगळ्यांनी वह्या केल्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची मुलं लिहायची. आणि प्रत्येकीने शेवटच्या पानावर लिहिलं की या महिन्यात वेचणीला, निंदणीला किती दिवस जाता आलं नाही. मजुरीचा दर गावात सगळ्यांना पाठ असतो, त्यामुळे पुढचा हिशोब सभेत लोकांनीच केला.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वह्या ठेवल्या. ठराव झाला: कलम २४ प्रमाणे देखभाल भत्ता द्यावा, तो रुग्णाच्या अनुदानातून न कापता करणाऱ्याच्या खात्यात वेगळा द्यावा. ही दुसरी ओळ मुद्दाम घाला, नाहीतर त्याच २५०० मध्ये तुमचा हिस्सा दाखवून मोकळे होतील. ठराव तहसील, जिल्हाधिकारी आणि मुंबईला दिव्यांग कल्याण विभागाकडे पाठवला. भत्ता अजून मिळालेला नाही. "पुढील कार्यवाहीस्तव" एवढं एक पत्र आलंय. त्यावर आता माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचं शुल्क भरून, विचारलंय की फाईल कोणाच्या टेबलावर आहे.

तोवर एक गोष्ट पदरात पडली. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, ते बरेचदा तसेच पडून राहतात. सभेतच विचारलं, आणि तीन घरांत हवेची गादी आली.

तुम्ही सभेत ठराव मांडाल तर सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात ग्रामसेवकाकडून घ्या. आम्ही थांबलो, मधे ग्रामसेवकाची बदली झाली आणि कागद हाती यायला चार महिने गेले. वही मात्र सभेची वाट न बघता आजच सुरू करा, आणि रात्रीचं उठणं विसरू नका. तेच लिहायचं राहून जातं.